अकरा नंबरची ओ

सकाळी आठची हजेरी, दुपारी बाराची आणि संध्याकाळी चारची. या तीन वेळा चुकवायच्या नाहीत, मधल्या वेळात काय हवं ते करा, एवढाच रांगेचा कायदा होता.

टिनबर्ग या बँडच्या मागे त्या उन्हाळ्यात चाळीस माणसं गावोगाव हिंडत होती. व्हिएन्ना, प्राग, लाइपझिग, कोपनहेगन, स्टॉकहोम आणि शेवटी हेलसिंकी. तिकीट सगळ्यांकडे असायचं; पण तिकीट माणसाला मैदानाच्या पार मागच्या टोकालाही उभं करतं. या चाळिसांना हवा असायचा मंचासमोरचा लोखंडी कठडा. त्याला पोट टेकवून उभं राहिलं की गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, ड्रमचा ठोका आधी बरगड्यांत घुमतो आणि मग कानात येतो. ज्याने एकदा तसं ऐकलं, त्याचा जीव मागे रमत नाही.

यादी योस्टकडे. योस्ट हॉलंडचा, पन्नाशीचा, एरवी शाळेत भूगोल शिकवणारा. नंबर संपूर्ण दौऱ्याचे. नव्या गावात उतरलं की तो काळ्या मार्करने प्रत्येकाच्या हातावर ज्याचा त्याचा नंबर पुन्हा लिहायचा. हजेरीला नंबर पुकारायचा आणि ज्याचा त्याने "आहे" म्हणायचं. चर्चमध्ये संतांची नावं घेताना लोक एकामागून एक उत्तर देतात, तशी ती हजेरी कानाला गोड लागायची. ओ आली नाही की वहीत त्या नंबरावर आडवी रेघ, आणि मागचे सगळे एकेक पाऊल पुढे. आणि दुसऱ्याच्या नंबराला कोणी ओ द्यायची नाही. नवऱ्याने बायकोच्या नाही, भावाने बहिणीच्या नाही.

दहा नंबर वांदाचा. अकरा तिच्या मुलीचा, इगाचा.

वांदा पोझनानची, कपडे आल्टर करून देणारी. नवरा गेला तेव्हा इगा चौदा वर्षांची होती आणि त्यानंतर चार महिने ती पोर एक शब्द बोलली नव्हती. एका संध्याकाळी टिनबर्गचं गाणं लागलं असताना ती अचानक गुणगुणायला लागली. वांदा भरल्या डोळ्यांनी दाराआड उभी राहून ऐकत राहिली. त्या सुराने लेक परत दिली, ही तिची श्रद्धा. तेव्हापासून नऊ उन्हाळे मायलेकी रांगेत होत्या. सगळी रांग वांदाला आईच म्हणायची.

लाइपझिगला, बाराच्या हजेरीआधी, इगा म्हणाली, "आई, हा माझा शेवटचा."

"शेवटचा कसा? अजून तीन गावं आहेत की."

"दौऱ्याचा नाही. माझा. पोर्तोमध्ये नोकरी लागलीय मला. सोमवारी रुजू व्हायचंय."

"आणि हे मला कधी सांगणार होतीस? कठड्यावर?"

"तुला सांगितलं की तू रडतेस. तू रडलीस की मी थांबते. नऊ वर्षं थांबतेच आहे मी."

"जा मग," वांदा म्हणाली. रागात माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो. "तुझा बापही असाच न सांगता गेला. जा!"

इगाने पाठपिशवी उचलली. लिंडनच्या झाडांखालून ती स्टेशनच्या दिशेने गेली. मागे वळून पाहिलं नाही.

दहा मिनिटांनी योस्टने वही उघडली. वांदाने आपल्या नंबराला ओ दिली. मग त्याने पुकारलं, "अकरा!"

आता रेघ पडणार. इगाचा राग तासाभरात उतरेल, ती येईल, आणि तिची जागा गेलेली असेल. मग ती खरंच जाईल. योस्टची मान वहीतच होती. वांदाने तोंडाशी हात नेला आणि पातळ आवाजात म्हणाली, "आहे."

योस्टने टिक केली. "बारा!"

इगा त्या संध्याकाळी आली नाही. फोन बंद. पोर्तोच्या कंपनीतला माणूस सोमवारी फोनवर म्हणाला, "आम्हीही वाट बघतोय." वांदाने ठरवलं, कोपनहेगनला योस्टला खरं सांगायचं, रेघ मारू दे म्हणायचं, आणि पोलिसांत जायचं.

कोपनहेगनला आठच्या हजेरीला ती तोंड उघडणार, एवढ्यात योस्टने अकरा पुकारलं. वांदाला कोणाचीच ओ ऐकू आली नाही. मग तो वांदाच्या डाव्या खांद्यामागे बघून हसला.

"घसा बसला की काय गं तुझा? गरम काहीतरी घे."

आणि टिक केली.

वांदाने वळून पाहिलं. मागे एका माणसापुरती मोकळी जागा, आणि त्यापलीकडे बारा नंबरचा गेरहार्ट. हा ऑस्ट्रियाचा, जाडजूड, दिवसभर विनोद सांगणारा. या घडीला तो त्या मोकळ्या जागेलाच विनोद सांगत होता.

"गेरहार्ट, कोणाशी बोलतोयस?"

"तुझ्या लेकीशी. का, तिला विनोदही कळू द्यायचे नाहीत का?"

ती पोलिसांत गेली. तरुण पोलिसाने समोरच्या दोन्ही खुर्च्या पुढे ओढून दिल्या. वांदाने सगळं सांगितलं, फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग परत फोटोकडे. त्याचे कान लाल झाले.

"बाई, ही चेष्टा आहे का?"

त्यानंतर ती कोणाला विचारेनाशी झाली. माणसं वेडी झाली असतील तर सगळी एकदम कशी होतील? हॉटेलच्या काउंटरवर दोन किल्ल्या मिळायच्या. नाश्त्याला दोन बशा यायच्या. स्टॉकहोमला चौदा नंबरच्या सॉर्शाने, म्हणजे कॉर्कच्या त्या लाल केसांच्या पोरीने, कठड्यावरचा फोटो काढून दाखवला. "बघ ना आई, किती छान आल्यात दोघी!" फोटोत वांदा एकटी होती. पण तिच्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती, आणि त्या जागेपलीकडे गेरहार्टच्या शर्टाची बाही दंडावर चपटी झाली होती, शेजारच्याचा खांदा दाबून धरल्यासारखी. मागून तीन हजार माणसं लोटत असताना त्या हातभर जागेत कोणी शिरलं नव्हतं.

वांदाने त्या जागेत हात घातला होता. प्रत्येक गाण्याला घातला होता. हवा होती, उन्हाळ्याची, कोमट.

हेलसिंकीला बंदरालगतच्या मैदानावर शेवटचा कार्यक्रम. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला डांबराचा आणि तळलेल्या माशांचा वास होता. दहा रात्री वांदाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज दौरा संपणार. उद्या चाळीस माणसं चाळीस दिशांना जाणार. ज्यांना इगा दिसते ती माणसंच पांगली, तर आपण तिला कुठे शोधायची?

बाराची हजेरी झाली तशी ती योस्टसमोर गेली. "अकरावर रेघ मार."

"असं कसं? ती ओ देते की."

"मी दिली होती. लाइपझिगला. ती गेली होती, योस्ट, आणि मी तिच्या नावाने ओ दिली."

योस्टने वही मिटली. "असं नसतं करायचं, वांदा," तो हळूच म्हणाला. "आता ती जागा तिची तिनेच सोडायला हवी. मी नाही सोडवू शकत. तूही नाही."

"तुला माहीत होतं असं होतं म्हणून?"

"नियम माझा नाही. माझ्या आधी वही ज्याच्याकडे होती, त्याने सांगितला." आणि तो पाण्याची बाटली शोधायला गेला.

वांदाने सॉर्शाचा दंड धरला. "पोरी, एक काम कर माझं. इगाला विचार, तुला काय हवंय."

"अगं, तूच विचार ना. भांडलात का पुन्हा?"

"विचार!"

सॉर्शा वांदाच्या डाव्या बाजूला वळली. काही बोलली. ऐकताना तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय म्हणते?"

"ती म्हणतेय..." सॉर्शा कसंनुसं हसली. "ती म्हणतेय, आई कुठे आहे? लाइपझिगपासून सगळ्यांना विचारतेय म्हणे. आम्हाला वाटायचं, तुझी थट्टा करतेय. आम्ही रोज सांगायचो, अगं ही काय, शेजारी उभी आहे."

वांदाने तळवा पुढे केला. "तिचा हात घे," ती म्हणाली. "माझ्या हातात दे."

सॉर्शाने हवेतून काहीतरी अलगद उचललं. जपून वांदाच्या तळव्यावर ठेवलं. तिची बोटं वरून मिटवली.

काही नव्हतं. स्वतःच्याच बोटांचा घाम.

"इगा! अगं पोरी, मी आहे इथे. जा तू पोर्तोला, मी नाही रडणार. इगा!" वांदा ओरडत होती. आजूबाजूचे लोक माना वळवून बघू लागले.

सॉर्शाने आपला हात झटकन मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"ती म्हणतेय, इथे कोणीच नाहीये."

चार वाजले. सूर्य अजून डोक्यावर असल्यासारखा. योस्टने वही उघडली.

"दहा!"

"आहे," वांदा म्हणाली.

"अकरा!"

योस्ट थांबला. तिच्या खांद्यामागे बघत राहिला.

"अकरा!"

ओ आली नाही. योस्टने तिसऱ्यांदा पुकारलं नाही. त्याने पेन टेकवलं आणि आडवी रेघ ओढली. कागदावरचा तो आवाज वांदाला ऐकू आला.

"निघाली ती," गेरहार्ट म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनोद नव्हता. "पाठपिशवी घेऊन निघाली."

"कुठे?"

"तुला शोधायला, असं म्हणाली."

वांदाने रांगेकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी लागले होते, आणि ते ठिकाण सरकत होतं. आधी बारा नंबरपाशी. मग वीसपाशी. मग तीस.

ती त्या डोळ्यांमागे धावली.

"सॉर्शा, चल! मला सांग ती कुठे वळते. मला दिसत नाही गं ती, तू चल!"

सॉर्शा एक पाऊल पुढे आली. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. काळ्या शाईत चौदा.

"माझा नंबर अजून यायचाय, आई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण पाय हलले नाहीत.

मागून योस्टचा आवाज आला, "बारा!"

वांदा एकटीच धावली. फाटकापाशी पहारेकरी बाजूला झाला, कोणाला तरी वाट दिली, आणि मग वांदा जवळ येईस्तोवर पुन्हा मधोमध उभा राहिला.

"कुठे गेली? डावीकडे की उजवीकडे?"

त्याला तिची भाषा कळली नाही. त्याने खांदे उडवले.

बाहेर रस्ता होता. ऊन, सायकली, आइसक्रीम खाणारी माणसं. इथे कोणाला टिनबर्ग माहीत नव्हतं, कोणाच्या हातावर नंबर नव्हता, आणि कोणी कुठेच बघत नव्हतं. जो तो आपापल्या नाकासमोर. वांदा मधोमध उभी राहून गोल फिरली. चेहरे शोधू लागली, एखादा तरी वळलेला चेहरा.

"इगा!"

एक कबूतर उडालं.

समोरच्या थांब्यावर हिरवी-पिवळी ट्राम उभी होती. सगळे चढून झाले होते. तरी चालक बाईने मधलं दार उघडंच ठेवलं होतं. ती आरशात बघत थांबली होती, कोणीतरी धावत येत असल्यासारखी. वांदा रस्ता ओलांडून धावली. एका मोटारीने करकचून ब्रेक मारला.

चालक बाईने आरशात मान डोलावली. दार मिटलं.

वांदाचे तळवे काचेवर आपटले. "थांबवा! माझी मुलगी आहे आत! थांबवा!"

ट्राम हलली. वांदा बाजूने पळत राहिली, एकेका खिडकीत बघत. बसलेली माणसं, उभी माणसं, पेपर, पिशव्या.

शेवटच्या खिडकीत एक म्हातारा बसला होता. त्याने वर पाहिलं, शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि जरा आत सरकून बसला.