न मोडलेली चूल

उद्धव, स्टेशनाकडचं घर भाड्यानं द्यायला विकत घेतो आहेस, तर घे. मी नको म्हणत नाही. फक्त कंदील जरा इकडे सरकव आणि तुझ्या बायकोलाही बसू दे. माझे मित्र विष्णुपंत, इथल्या कचेरीत कारकून होते, त्यांनी दहा वर्षांपूर्वी असंच घर घेतलं होतं. मी तिथे नव्हतो, त्यांनी सांगितलं तसं सांगतो. हैदराबादला जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे असलं काही बोलताना माझी मलाच लाज वाटते. पण न सांगता तू उद्या सही करून आलास, तर मला झोप लागणार नाही.

विष्णुपंतांची धाकटी बहीण गंगूताई, विधवा, त्यांच्याकडेच राहायची. आपल्या माघारी तिला भाच्यांच्या तोंडाकडे बघत दिवस काढावे लागू नयेत, म्हणून तिचे दागिने मोडून त्यांनी घर घ्यायचं ठरवलं. भाडं तिचं. माणूस कारकुनी. त्यांनी वाशांवर काठी आपटून पाहिली, विहिरीचं पाणी चाखलं, मालकीचे कागद दोनदा वाचले. मालक रतनसिंग म्हणाला, "भाडेकरू कनेरगावला गेला. घर बराबर रिकामं हाय." स्वयंपाकघरात मातीची चूल शाबूत होती, छान सारवलेली. विष्णुपंतांना बरंच वाटलं. नव्या भाडेकरणीची मेहनत वाचली.

प्रेमा, तू दचकलीस. तुला कळलं. आपल्याकडे भाड्याचं घर सोडताना बाई आपली चूल आपल्या हातानं मोडते, मगच उंबरा ओलांडते. हे बायकांचं बायकांत. विष्णुपंतांनी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि घर बघायला गंगूताईला नेलं नव्हतं.

पहिला भाडेकरू तारबाबू. आठवड्यात गेला. मग एक मास्तर आले, तेही टिकले नाहीत. दोघांच्या बायकांचं म्हणणं एकच: सकाळी पेटवायच्या आधीच चूल गरम असते. पुढे घराकडे कोणी फिरकेना. दागिने गेले आणि भाडंही नाही. गंगूताई जेवायची कमी झाली. विष्णुपंत रतनसिंगकडे गेले. त्यानं बरीच टाळाटाळ केली. मग म्हणाला, "भाडेकरू गेला म्हणलो साहेब. त्याची बायको गेली असं कुठं म्हणलो?"

मनकर्णा तिचं नाव. त्याच घरात तापानं वारली. नवरा मसणातूनच परस्पर निघून गेला होता. गंगूताईनं ऐकलं आणि म्हणाली, चूल मोडायची राहिली.

पौषातली अमावास्या होती. दिवसा चूल फोडली असती तर गावभर बोभाटा झाला असता, म्हणून विष्णुपंत रात्री पहार घेऊन निघाले. गंगूताई ऐकेना. तीही गेली.

दाराला आतून कडी घातली. घरात काटकी नव्हती, की पिठाचा कण. कंदील उंबऱ्याशी ठेवून विष्णुपंतांनी पहार उचलली.

तेवढ्यात वास आला. ज्वारीची भाकरी भाजल्याचा.

मग आवाज. थप... थप...

परातीवर हात पडत होता. परात नव्हती.

"दादा, तुमी नका," गंगूताई म्हणाली. "जिनं घातली तिनंच मोडायची."

ती चुलीपाशी बसली. अंधाराशी बोलली. "मनकर्णाबाई, हे घर माझ्या पोटासाठी घेतलं भावानं. मोडा चूल. जा आता."

थाप थांबली.

पण वास गेला नाही.

"काहून जात न्हाई, बाई? जायला जागा न्हाई का?"

...

मग गंगूताईच्या तोंडून निघून गेलं, "तर आमच्याकडं या."

विष्णुपंत म्हणत, "तेव्हाच मी तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता." कंदील विझला. माती फुटली. एकदाच. पहार त्यांच्या हातातच होती.

उजाडताना दोघं घरी आले. घरची माणसं झोपलेली. स्वयंपाकघराची किल्ली गंगूताईच्या कमरेला होती. तिनं कुलूप काढलं. तिच्या चुलीशेजारी आणखी एक चूल होती. लहान. ओल्या मातीची. वर बोटं उमटलेली.

त्या घराला मग भाडेकरू मिळाले, आजही आहेत. विष्णुपंत गेले, भाचे शहरात गेले. गंगूताईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. ती एकटी राहते, असं लोक म्हणतात.

उद्धव, उद्या प्रेमाला घेऊन जा. वासे तू बघ, चूल तिला बघू दे.

गेल्या संक्रांतीला मी गंगूताईकडे गेलो होतो. ती पाणी आणायला उठली, तेव्हा मी त्या लहान चुलीला बोट लावून पाहिलं. भिंतीला ओल नव्हती. जमीन ठणठणीत कोरडी. दहा उन्हाळे गेलेत, उद्धव...

बोटाला माती लागली. ओली.