अकरा कार्डं

"चोरी झालीय! आत्ताच्या आत्ता या." प्राध्यापक फोनवर ओरडले.

ग्रंथपाल बाई पोहोचल्या तेव्हा कार्डांचा खण उघडाच होता. प्राचीन ज्यू ग्रंथांत महाकाय माणसांसाठी आलेल्या दुर्बोध शब्दांचा कोश, चाळीस वर्षांचं काम. नफिलीम, अनाकीम, एमीम... प्रत्येक अर्थाला एक कार्ड. वहीत नोंदी दोनशे बारा, खणात कार्डं दोनशे एक.

"यानंच ढापली!" प्राध्यापकांनी भाच्याकडे बोट दाखवलं. "घरचा भेदी. कोशावरून याचं नाव काढतो आणि यालाही घराबाहेर काढतो."

"मामा, मला तुमचे राक्षस सगळे सारखेच दिसतात. चोरून करू काय?"

बाईंनी विचारलं, "कार्ड खणात कसं जातं?"

"मी पेन्सिलीनं लिहितो, वहीत क्रमांक टाकतो. ही, म्हणजे माझी बायको, संदर्भ मूळ ग्रंथात पडताळते, शाईनं गिरवते आणि खणात ठेवते. मग हा टाइप करतो."

बाईंनी वही आणि टाइप केलेली पानं शेजारी ठेवून तपासली. हरवलेली अकराही कार्डं गेल्या चार महिन्यांतली होती. त्यांतलं एकही टाइप झालेलं नव्हतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मामी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मामी, चोर जुनी कार्डं सोडून नवीच का नेईल? आणि टाइप झालेलं एकही नाही. म्हणजे ती खणात गेलीच नाहीत. मधे फक्त तुमचा हात आहे."

मामींनी डब्यामागून कार्डं काढली. सगळी पेन्सिलीतली.

"हे बघा. एकेचाळिसावा अध्याय. त्या ग्रंथात अध्यायच चौतीस! आणि या कार्डावरचा ग्रंथ तर कुणी लिहिलेलाच नाही. यांचा आकडा कधी चुकला नव्हता हो."

"सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं? डोकं हीच त्यांची सगळी कमाई."

"पण भाच्यावर आळ आलाय."

मामींनी डोळे पुसले, बाहेर जाऊन कार्डं टेबलावर ठेवली. "मी लपवली. गिरवायचा कंटाळा आला होता."

"कंटाळा? तुला?" प्राध्यापकांनी वरचं कार्ड उचललं. वाचलं. शेल्फावरून ग्रंथ काढून शेवटचं पान उघडलं. तिथं अध्याय चौतिसावा होता.

मग सावकाश खुर्चीत बसले.

"इकडे ये रे," ते भाच्याला म्हणाले. "तुझं नाव राहू दे. आणि कोश पुरा झाला, असं टाइप कर."