बदल्यात काय देता

रविवारची दुपार. जेवणं उरकली होती आणि फौजदाराने बायकोला पुन्हा सरावाला जुंपलं होतं. ती आतल्या खोलीत ओलीस म्हणून बसून ओलीस धरणाऱ्याची वाक्यंही पुस्तकातून वाचणार, हा स्वयंपाकघरात बसून फोनवर त्याची समजूत घालणार. दुसऱ्या दिवशी त्याची ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करण्याची परीक्षा होती.

"आज तरी मला जिवंत सोडवा म्हणजे मिळवली," म्हणत तिने खोलीत जाऊन दार लोटलं. नुसतंच लोटलं. आतल्या दारांच्या कड्या त्याने गेल्या वर्षीच उपटून फेकल्या होत्या.

गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात एका माणसाने पोटच्या पोरीसह स्वतःला पत्र्याच्या दुकानात कोंडून घेतलं होतं. पोरीला पाणी द्या, एवढंच तो फोनवर मागत होता. फौजदाराने पुस्तक निम्मंच वाचलेलं. फुकट काही द्यायचं नाही, बदल्यात काहीतरी मागायचं, हे मात्र त्याला तोंडपाठ. "आधी दार उघड, मग पाणी," हेच तो दीड दिवस घोकत राहिला. पाणी आणि औषध याला अपवाद, हे पुढच्या पानावर होतं. ते पान त्याने पोरगी तहानेने गेल्यावर उलटलं. तेव्हापासून त्याला घरचं पाणी गोड लागत नव्हतं.

बायकोने दोन वाक्यं घडाघडा वाचली. मग बराच वेळ फोनवर नुसती खरखर.

"काका, पाणी…"

"हे पुस्तकात नाहीये," तो म्हणाला. "असली थट्टा नको."

"कसली थट्टा?" बायको त्याच्या मागेच उभी होती. "माझा फोन केव्हाच बंद पडलाय. चार्जर कुठाय?"

"काका…" त्याच्या कानाशी आवाज आला.

आवाज कुणाचा, हे त्याला कळलं. या वेळी चुकायचं नव्हतं.

"देतो, बाळा. लगेच देतो. बदल्यात काही नको." त्याने बायकोला पेला भरून दिला. "आत नेऊन ठेव. काही विचारू नकोस."

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याचं मन राखायला निमूटपणे पाणी घेऊन गेली.

फोनमध्ये घटाघटा पिण्याचा आवाज आला. त्याला रडू फुटलं. सुटलो, असं वाटलं.

मग आतल्या खोलीच्या दाराला कडी लागली.

"अहो…" बायकोची हाक दाराआडून आली.

"काका," फोनमधली पोरगी म्हणाली, "आता काकूच्या बदल्यात काय देता?"