बत्तीसवर अडलेली खिट्टी

स्लायडर माझ्या मर्जीने चालतो. लहानात लहान आकडा मी ठरवते, मोठ्यात मोठाही मीच, आणि त्या दोन टोकांमध्ये खिट्टी माउसने सरकवायची. बारा वर्षं मी हेच करतेय. यात भुताटकीला जागा नाही.

हरवलेल्या माणसांच्या कचेरीत मी प्रोग्राम लिहिते. यंदा एक नवा लिहिला. जुना फोटो उघडायचा, खालची खिट्टी उजवीकडे न्यायची, की चेहऱ्याचं वय वाढत जातं. डावं टोक म्हणजे फोटोतलं वय, उजवं नव्वद. तपासायला आधी कचेरीतल्यांचेच फोटो घातले. नव्वदीतलं स्वतःचं टक्कल बघून शिपाई म्हणाला, "ताई, चार केस तरी ठेवायचे होते!"

मग धाकट्या भावाचा फोटो घातला. आठवा वाढदिवस चार दिवसांवर आलेला असताना तो शाळेतून घरी आलाच नाही. फोटोत त्याचे वरचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. म्हणून आम्ही त्याला बोळक्या म्हणायचो.

खिट्टी सातवरून निघाली आणि बत्तीसवर अडली. पुढे ओढली, तर सोडताच मागे आली. बोळक्याचं वय आज बत्तीसच असतं.

कोड दोनदा वाचला. उजवं टोक नव्वदच होतं. मी कोडमधूनच सरळ चाळीस दिले. आकडा बदलल्याची नोंद एकदा व्हायला हवी. ती दोनदा झाली. चाळीस, मग बत्तीस. पहिली माझी. दुसरी कुणाची ते सापडलं नाही.

साहेबांना दाखवलं, तिथेच चुकले.

"पंचवीस वर्षं झाली, बाई," ते म्हणाले. "शुक्रवारी फाइल बंद करायची. 'मृत' लिहू, खाली तुमच्या आईंची सही. आणि बघा, तुमचाच प्रोग्राम सांगतोय. बत्तीसवर थांबला म्हणजे बत्तिसाव्या वर्षी संपला."

"माझा प्रोग्राम चेहरे रंगवतो, साहेब, पंचनामे करत नाही. सही मिळणार नाही."

"आईंना विचारा आधी."

विचारलं. म्हणजे लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिला माउस जमत नाही. ती बाणाचं बटण दाबते, एका दाबाला एक वर्ष. बोळक्याला मिसरूड फुटलं, जबडा रुंदावला, कपाळ मोठं झालं. आई मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. बत्तीसवर तिने बोट उचललं.

"ढकलू नकोस गं त्याला. एवढाच झालाय अजून."

"गुरुवारी वाढदिवस आहे त्याचा," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी चहासुद्धा न घेता आम्ही टेबलाशी बसलो. आई एकेक वर्ष दाबत गेली.

एकतीस.

बत्तीस.

तेहतीस.

चौतीस नाही.

मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. "सही नाही. पुढच्या वर्षी या, चौतीस दाखवते."

"अहो, याला पुरावा म्हणत नाहीत."

"नका म्हणू. सहीशिवाय फाइल बंद होत नाही ना? मग राहू द्या उघडी. मी मेले तरी उघडीच राहील."

फोन ठेवला, तेव्हा आई डावा बाण दाबत होती. पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"काय झालं?"

"सातवर जात नाहीये."

खिट्टी आठवर अडली होती. डावं टोक मी सातच ठेवलं होतं. फोटोच सातचा होता.

आई उठली. भिंतीवरची मूळ तसबीर काढून आणली, बाहीने काच पुसली, खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"याला आता बोळक्या कसं म्हणायचं?" ती म्हणाली.

मी जवळ गेले. तोच शर्ट, तेच हसू. वरचे पुढचे दोन्ही दात आलेले होते. कडा अजून करवतीसारख्या, नुकत्याच फुटलेल्या दातांच्या असतात तशा.