पालवांची पाठ

"यंत्र कधी मरत नसतं; मरतो तो माणसाचा धीर!" असं चंद्रप्रकाश पालवांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून जाहीर केलं, आणि माइक बंद पडला. पालवांनी तो पाऊण तास उघडून पाहिला. शेवटी सभा माइकशिवायच उरकली. इमारत पाडून नवी बांधायचा ठराव त्याच सभेत मंजूर झाला, कारण विरोध करणाऱ्यांचा आवाज पुढच्या रांगांपर्यंत पोहोचलाच नाही. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावरची 'मोरेश्वर छाया' पडणार ती बिल्डरमुळे नव्हे, आमच्या ह्यांच्या स्क्रू ड्रायव्हरमुळे, असं पालवांची बायको नलिनी तेव्हापासून भाजीवालीलाही सांगायची.

पालव टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर घरी आणून त्यांच्यात लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, हा त्यांचा उद्योग. लिनक्स फुकट असतं, ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं आणि बिघडलं तर ज्याचं त्यानं बघायचं असतं, असं ते समजावून सांगत.

"म्हणजे आपल्या जिन्यातल्या दिव्यासारखं," नलिनी म्हणायची.

त्यांच्यात एकच खोड होती. एकदा कॉम्प्युटरसमोर बसले की ते खुर्ची सोडत नसत. ज्याचं काम असे तो मागे कॉटवर बसून राही आणि त्याला दिसे ती फक्त पालवांची पाठ. पाठही अशी, की तिच्याआड एक कपाट मावावं.

रविवारी दुपारी चार वाजता दुसऱ्या मजल्यावरची मंजुळा खोत एक सीडी घेऊन आली. सीडी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात होती आणि पाकीट पदराखाली. खाली तिच्या घरात निम्मी भांडी पोत्यांत गेली होती. गुरुवारी ती लेकीकडे, नमिताकडे, विरारला राहायला जाणार होती.

"भावजी, नमिताच्या लॅपटॉपला ही सरकवायला फटच नाही," ती म्हणाली. "स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तर तो पोरगा हसला. म्हणतो, मावशी, हे आता कुणाकडेच चालायचं नाही."

'कुणाकडेच' ऐकल्यावर पालवांनी चष्मा बदलला.

सीडीवर 'रौप्यमहोत्सव २००८' असं लिहिलं होतं. त्या वर्षी सोसायटीने एकेका सभासदाला ऑफिसातल्या खुर्चीत बसवून चार-चार मिनिटं बोलतं केलं होतं. त्यात तुळशीदास खोतही होता. पालवांचा मालवणच्या शाळेपासूनचा दोस्त, मंजुळाचा नवरा. सीडी घरी आली त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला होता, "बघ तरी. तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगलंय त्यात." मंजुळा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली होती, "दिवसभर समोर असता, आता टीव्हीतपण बघू?" तेवढ्यावरून वाजलं. सीडी कपाटात गेली, आणि पुढची बारा वर्षं दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही. मग २०२० च्या जूनमध्ये तुळशीदासला ताप आला आणि अँब्युलन्स आली. ते दिवसच असे होते, की घरच्यांना शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

"काय बोललेत तेवढं ऐकायचंय," मंजुळा म्हणाली. "चांगलं असो, वाईट असो. गुरुवारी इथलं दार लावायच्या आत."

"दहा मिनिटांत ऐकवतो," पालव म्हणाले आणि खुर्चीत बसले. मंजुळा मागे कॉटवर बसली.

दहा मिनिटांत काही झालं नाही. सीडी फिरली, ब्राउझरमध्ये पान उघडलं, पानावर तुळशीदासचं नावही आलं. पण नावाखालच्या चौकोनात नुसता राखाडी रंग. व्हिडिओला फ्लॅश नावाचं जुनं प्लगइन लागत होतं, आणि नवे ब्राउझर त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. पालवांनी कुठून तरी जपून ठेवलेला जुना ब्राउझर चढवला, प्लगइन त्याच्या जागी ठेवलं. तरी राखाडीच. मग त्यांना आठवलं. प्लगइन ज्यांनी बनवलं त्यांनीच निरोप देताना त्याच्या पोटात एक तारीख लिहून ठेवली होती: बारा जानेवारी २०२१. त्या दिवसापासून त्याने काहीही दाखवायचं नाही.

"सोपं आहे," पालव म्हणाले. "मशीनला सांगायचं, की अजून २०१८ चालू आहे."

"आणि ते विश्वास ठेवील?"

"वहिनी, त्याला खिडकी कुठे आहे?"

इंटरनेटची वायर त्यांनी उपटून बाजूला टाकली. नाहीतर मशीन बाहेर विचारून आपलं घड्याळ परस्पर दुरुस्त करून घेतं. मग तारीख टाकली, नऊ सप्टेंबर २०१८. का, तर बोटांना तीच सुचली. पान पुन्हा उघडलं.

राखाडी चौकोनात तुळशीदास बसलेला होता.

आवाज नव्हता. प्लास्टिकची खुर्ची, मागे सोसायटीच्या ऑफिसची पोपटी भिंत, भिंतीवर कॅलेंडर. तुळशीदास गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसला होता. बोलायला लावलेला माणूस बसतो तसा नव्हे. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारा बसतो तसा. खाली लांबी दिसत होती: चार मिनिटं बारा सेकंद.

"आले का?" मागून मंजुळाने विचारलं.

"आलाय. आवाज नाही. थांबा."

पालवांची नजर कॅलेंडरवर गेली. 'सप्टेंबर' दिसत होतं. त्याखालचं साल वाचायला ते पुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. २०१८.

पालव हिशेबी माणूस. कॉम्प्युटरमध्ये तारीख बदलली म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आपला डोळा चुकला असणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. खात्री करण्यासाठी त्यांनी ब्राउझर बंद केला, तारीख केली मे २०१६, आणि पान उघडलं.

कॅलेंडरवर मे. तुळशीदास बनियनवर बसला होता आणि पुठ्ठ्याने वारा घेत होता. मे महिन्यात तो नेहमी बनियनवरच असे.

लांबी: चार मिनिटं चाळीस सेकंद.

"दिसत नाही हो मला काही," मंजुळा म्हणाली. "भावजी, तुमची पाठ बघायला आलेय का मी?"

"लोड होतंय, वहिनी." पालवांनी खुर्ची जराशी उजवीकडे घेतली. पडदा आता पुरता झाकला गेला. आयुष्यात पहिल्यांदाच ते मुद्दाम कुणाच्या आड बसले होते.

"अहो, त्यांना दाखवा ना," स्वयंपाकघरातून नलिनी ओरडली. "स्वतः काय बघत बसलाय?"

"तू तुझा कुकर बघ."

त्यांनी सीडीवरची फाइल तपासली. २००८ सालची, एकच, जेवढी तेव्हा होती तेवढीच. सीडीवर एकदा लिहिलेलं बदलता येत नाही. हे त्यांनी मनात दोनदा म्हटलं. मग आवाजाच्या मागे लागले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. दोन स्पीकरांपैकी उजवा कधीच गेलेला. डाव्यातून आधी खरखर आली, मग पंख्याची घरघर. पालवांनी वर पाहिलं. त्यांच्या खोलीतला पंखा बंद होता.

तेवढ्यात नलिनीच्या कुकरची शिट्टी झाली.

पडद्यावरच्या तुळशीदासने मान वळवून स्वयंपाकघराच्या दिशेला पाहिलं.

पालवांचा हात माउसवर होता तसाच राहिला. त्यांना कारण नसताना आठवलं, की तुळशीदासला नलिनीच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ फार आवडायची. आज रविवार. आज तीच होती.

"शिट्टी झाली ना आता?" मंजुळाने विचारलं. "दोनदा कशी ऐकू आली?"

"घुमते इथे."

कॉट करकरली. मंजुळा डावीकडे वाकून बघत असावी. पालवही डावीकडे झुकले. ती उजवीकडे सरकली, तेही सरकले. पडद्यावर तुळशीदास आधी एका बाजूला वाकला, मग दुसऱ्या. शाळेच्या गॅदरिंगला पुढे उंच पोर बसलं की मागचा बघतो तसा. त्याच्या कपाळावर आठी पडली होती. ती आठी पालवांना तिसरीपासून माहीत होती.

लांबी आता दिसत नव्हती. आकड्यांच्या जागी नुसती रेघ होती.

"भावजी," मंजुळाचा आवाज बदलला होता. "फार वाईट बोललेत का? तसं असलं तरी सांगा. मी बारा वर्षं हट्ट केला, आता ऐकून घ्यायची माझी पाळी आहे. पण असं लपवू नका."

"मशीन अडकलंय," पालव म्हणाले, आणि खाली वाकून प्लगच उपटला.

पडदा काळा झाला. काचेत त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला, आणि खांद्यामागे मंजुळाच्या पांढऱ्या केसांचा एक तुकडा.

या मशीनच्या आतला घड्याळाचा सेल मेलेला होता. वीज गेली की त्याची तारीख थेट २००२ च्या एक जानेवारीवर जायची. दर वेळी जायची. त्यावर पालवांचा भरवसा होता. २००२ मध्ये सीडीच नव्हती, ऑफिसला पोपटी रंगही नव्हता. तिथे कुणी बसलेलं असणं शक्य नव्हतं. पान रिकामं येईल, मंजुळाला दाखवू, सांगू, दुकानवाला बरोबर म्हणत होता.

त्यांनी प्लग लावला. मशीन धापा टाकत उठलं. इंटरनेटची वायर जमिनीवरच पडली होती.

कोपऱ्यात घड्याळ आलं. रविवार. चार वाजून बावन्न मिनिटं.

पालवांनी मनगटावर पाहिलं. चार बावन्न. तारीखही आजची. साल आत्ताचं.

या तारखेला प्लगइन काही दाखवत नाही. दाखवूच शकत नाही.

ब्राउझर त्यांनी उघडला नव्हता. तो आपोआप उघडला.

पोपटी भिंत. खुर्ची. कॅलेंडरवर हाच महिना, आणि गुरुवारच्या चौकोनाभोवती लाल पेनने केलेला गोल.

तुळशीदास आता खुर्ची पुढे ओढून बसला होता. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि भांग पाडला होता.

डाव्या स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

कॉटची करकर थांबली. मंजुळा उभी राहिली होती.

"तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगूची हा, मंजुळा," तुळशीदास म्हणाला. मग तो थांबला. आधी एकीकडून वाकून बघितलं, मग दुसरीकडून. आणि त्याने सरळ पालवांकडे पाहिलं.

"चंदू, जरा बाजूक सर रे," तो म्हणाला. "ती दिसना नाय."