आसुंताचे न धुतलेले कपडे

बस घाट उतरून गावात आली तेव्हा बटाट्याची काढणी चालू होती आणि नदीचं पाणी ओसरलं होतं. नेलिदा पाउकार पिशवी घेऊन उतरली.

साथ आली की कुठे काय बंद ठेवायचं, हे नियम ती राजधानीत, लिमात बसून लिहायची, आणि शेजारचे देशही ते उचलायचे. कॉलऱ्याने गेलेल्याचे कपडे नदीवर धुवायचे नाहीत, जाळून टाकायचे, हा नियम तिचाच. डोंगरातल्या गावांना तो फार झोंबला. इथे माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात, त्याशिवाय त्याची वाट मोकळी होत नाही. पण त्या नियमानेच साथ हटली, हेही खरं.

गेल्या वर्षी तिची आई आसुंताच साथीत गेली. "आईचेही जाळा," असा निरोप नेलिदाने धाडला. घरच्यांना सूट दिली असती तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? आता साथ संपल्याचं जाहीर करण्याआधी ती गाव बघायला आली होती.

"या डॉक्टरीणबाई," ग्रेगोरियामावशी दारातूनच म्हणाली. "जाळायचं काही राहिलंय का बघायला आलीस?"

मग तिनेच नेलिदाला पोटाशी धरलं. "शेवटी सारखं पाणी मागायची गं तुझी आई. कितीही पाजलं तरी तहान भागेना."

नेलिदाला रडू आवरेना. मावशीने सूप पुढे केलं आणि चुलीकडे बघत म्हणाली, "दुपारी नदीच्या वळणावरच्या खडकावर धुणं ऐकू येतं. गेलेल्यांचे कपडे आपण धुतले नाहीत ना, आता बिचारे आपले आपणच धुतात."

"धुतील काय? कपडे तर जाळले."

"ते तू त्यांनाच विचार."

दुसऱ्या दिवशी मावशी शेतावर गेली आणि नेलिदा नदीकडे निघाली. कोणीतरी बाई चोरून धूत असणार, तिला समजावू, असं तिच्या मनात होतं. त्या खडकावर फक्त मेलेल्यांचेच कपडे धुवायची रीत होती, म्हणून एरवी तिकडे कोणी फिरकत नसे.

वळणाआधीच आवाज आला. ओलं कापड दगडावर आपटल्याचा, सावकाश. जळक्या लोकरीचा वास येत होता.

वळणावर कोणीच नव्हतं.

खडक ओला होता. साबणाचा फेस राखेने करडा झालेला.

"आई?"

आवाज थांबला.

ती घरी परतली तर अंगणातल्या दोरीवर तिचे स्वतःचे, पिशवीतले कपडे निथळत होते. त्यांना तोच जळका वास होता.

"मावशी, कशाला धुतलेस?"

"मी? मी आत्ता शेतावरून येतेय."

वाऱ्याने उडू नये म्हणून झंपराच्या दोन्ही बाह्यांची एकमेकींत गाठ मारलेली होती. तशी गाठ आसुंताच मारायची. मावशीने ती पाहिली, खालच्या करड्या थेंबांकडे पाहिलं आणि तिच्या हातातली बटाट्यांची टोपली खाली आली.

"नेलिदा, त्या खडकावर जिवंत माणसाचे कपडे धूत नाहीत गं."

नेलिदाने ओली बाही गालाशी धरली होती. ती रडत होती आणि हसतही होती. "आईच ती. लेकीचे मळके कपडे बघून राहवलं नसेल तिला."

मावशीने तिच्या हातातून ती बाही सोडवली.

"मावशी, आणखी थोडं पाणी दे ना," नेलिदा म्हणाली. "सकाळपासून पितेय, तहानच भागत नाही."