मागचा सेन्सर

धर्मराज पाटलांची गाडी गॅरेजला आली ती नेहमीचीच तक्रार घेऊन. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला, आणि पीयूसीवाल्याने धूर तपासून हात वर केलेले. अंबरनाथच्या एमआयडीसी रस्त्यावर, रंगाच्या कंपनीला खेटून सम्यकचं गॅरेज. तिथे असल्या गाड्या रोजच यायच्या. पण पाटील आल्यापासून एका जागी उभे राहीनात. कुळगावला त्यांची आई, कौसाबाई, दम्याने बेजार होती. आडवं म्हणून पडवत नव्हतं, आणि कधी उचलून, नेहमीसारखं गाडीच्या मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात न्यावं लागेल याचा नेम नव्हता. गाडी आजच्या आज पाहिजे होती.

"दोन ठिकानी दावली," पाटील म्हणाले. "एकानं तं लिंबू बांधाया सांगितला."

सम्यक हसला. लिंबू-मिरचीशी त्याचं कधी जमलं नाही. कोड वाचायचा, कारण शोधायचं आणि मगच पान्याला हात लावायचा, असा त्याचा खाक्या. त्याने स्कॅनर जोडला. धुराच्या नळीत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. धूर साफ करणारा एक डबा असतो, त्याच्या पुढे एक आणि मागे एक. इंजिन चालू असलं की पुढच्याची रेघ पडद्यावर सारखी वरखाली पळते, मागच्याची शांत बसते. पाटलांच्या गाडीत मागचीही पळत होती, आणि तीही धड नाही. चढताना अडखळायची, वर जाऊन थबकायची, मग एकदम खाली यायची. म्हणजे एक तर डबा गेला होता, नाहीतर मागचा सेन्सर.

अशा वेळी गॅरेजवाले अदलाबदल करून बघतात. चांगल्या गाडीचा पार्ट आजारी गाडीला, आजारी गाडीचा चांगलीला. दुखणं पार्टबरोबर गेलं तर पार्टच खराब. सम्यकची स्वतःची गाडी त्याच मॉडेलची होती. दोन्ही सेन्सर सारखेच दिसतात, म्हणून पाटलांच्या सेन्सरवर त्याने बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग त्याच्या वायरचा कनेक्टर सोडवला, सेन्सर काढला, तेवढ्यात चहा आला. चहा गार होऊ देणाऱ्यांतला सम्यक नव्हता. निवांत कप संपवला, मग आपल्या गाडीचा सेन्सर काढून पाटलांच्या गाडीला लावला आणि ठिपक्याचा आपल्या गाडीला.

पाटलांचा दिवा विझला. दुखणं सम्यकच्या गाडीत आलं. निदान अगदी पक्कं निघालं, आणि सम्यक मनातून खूश झाला.

नवा सेन्सर मात्र मागवावा लागणार होता. पाटलांचा चेहरा बघून सम्यकला राहवेना. तो म्हणाला, माझा राहू द्या तुमच्याकडे, नवा आला की मी माझ्या गाडीला लावीन, तोवर हा खराब चालवून घेतो. पाटलांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि गाडी काढली.

त्याच संध्याकाळी आबा विहाराच्या पायऱ्यांवर मटकन बसले.

आबा म्हणजे सम्यकचे वडील, रामभाऊ. आयुष्यभर कारखान्यात लोखंड उचललेला माणूस. सर्दीलासुद्धा कधी दाद दिली नाही. सम्यकच्या गाडीत मागच्या सीटवर ऐसपैस बसून ते रोज विहारात जायचे आणि त्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायचे. आता दोन शब्द बोलले की थांबत होते. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. औषधं बदलून झाली. घरात सम्यकची बायको स्वप्नाली उशा रचून आबांना बसतं ठेवायची, आणि भिंतीपलीकडून ते अडखळणं ऐकत सम्यक कूस बदलत राहायचा. बाप डोळ्यांदेखत चालला होता आणि कारण सापडत नव्हतं. कारण न सापडणं त्याला माहीतच नव्हतं.

नवा सेन्सर आला त्याच दिवशी पाटील बदलापूरच्या जांभळांची पाटी घेऊन हजर. आई ठणठणीत झाली होती, अंगणात फिरत होती.

"गारी तुज्याकडं व्हती ना, त्या दुपारी ती गेलीच व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "श्वासच नाय. घरच्यांनी पावण्यांना फोन लावाया घेतला, तं ही डोले उघडून चाय मागते."

सम्यकला आपला चहा आठवला. तेवढा वेळ पाटलांच्या गाडीचा कनेक्टर उघडा होता.

छट्, असं कुठे असतं, त्याने स्वतःलाच झापलं. जांभळं तशीच पाटीत राहिली.

दुपारी आबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. स्वप्नालीने त्यांना गॅरेजमागच्या घरातून धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं आणि शेजारी बसली. इंजिन सुरू केलं तर धुराने त्यांना त्रास होईल म्हणून सम्यकने नुसती चावी फिरवली. हात आपोआप स्कॅनरकडे गेला, त्याने तो जोडला. इंजिन बंद, नळीत धूर नाही. दोन्ही रेघा सरळ असायला हव्यात.

मागची रेघ चढत होती. अडखळली. थबकली. खाली आली.

आबा खोकले. रेघ उसळली.

"आबा," सम्यक पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "जरा श्वास रोखता?"

आबांनी रोखला. रेघ थांबली.

त्याने नव्या सेन्सरचं खोकं फाडलं आणि गाडीखाली सरकला. जुना सेन्सर नळीत राहिला तरी चालेल, फक्त त्याची वायर काढून नव्याची जोडायची. रोजचं काम. लाल ठिपका डोळ्यांसमोर होता. त्याने कनेक्टर ओढला.

वरची आबांच्या श्वासाची घरघर बंद झाली.

"अहो," स्वप्नालीचा आवाज आला. "आबा बघा ना कसे करतायत. अहो!"

नव्या सेन्सरचा कनेक्टर बसेना. धूळ, घाम, काहीतरी आड येत होतं. त्याने उलटा केला, फुंकर मारली, पुन्हा दाबला.

टक्.

वर कुणीतरी विहिरीतून बाहेर यावं तसा लांब श्वास घेतला. मग दुसरा. मग आबांचा जुना, खणखणीत आवाज.

"स्वप्नाली, डॉक्टर राहू दे. चहा टाक."

सम्यक गाडीखालून बाहेर आला तेव्हा रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. तो पुढे स्टिअरिंगपाशी बसला. मागे आबा जांभळं मागत होते. पडद्यावर मागची रेघ संथ, भरदार चढत होती, उतरत होती. त्याने चावीला हात घातला.

वरच्या बाजूला दुसरी रेघ होती, पुढच्या सेन्सरची. तिच्यात कधी बिघाड नव्हता, म्हणून आज त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तीही सरळ नव्हती. धाप लागल्यासारखी भराभर वरखाली होत होती.

ही गाडी त्याच्याशिवाय कुणी चालवत नसे.

सम्यकने श्वास रोखला.

रेघ थांबली.

त्याने श्वास सोडला. रेघ खाली आली आणि तिथेच पडून राहिली. मागे आबा काहीतरी बोलून हसले. सम्यक तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत राहिला.

मग सावकाश, आपल्या सवडीने, ती वर चढली. तेव्हा कुठे त्याला पुढचा श्वास घेता आला.